पेठ-सुरगाण्याकडे रुजू होणाऱ्या परदेशी पदवीच्या दंतवैद्यांवर देखरेख कशी ठेवावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पेठ तालुक्यातील एका विश्वस्त संस्थेच्या दवाखान्यात दोन तरुण दंतवैद्य रुजू होत आहेत. एकीची पदवी फिलिपिन्समधील आहे, दुसऱ्याची जॉर्जियातील. दोघेही स्क्रीनिंग परीक्षा उत्तीर्ण झाले आहेत आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे त्यांची नोंदणी झालेली आहे. आपण नाशिक शहरात प्रॅक्टिस करता, आणि संस्थेने या दोघांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर सोपवली आहे. ही देखरेख किती काळ करावी, नेमके काय पाहावे, आणि आठवड्यातून एकच दिवस पेठला जाणे शक्य असेल तर उरलेले दिवस कसे सांभाळावेत, असे आपण विचारले आहे. पेठ, सुरगाणा आणि हरसूल या पट्ट्यात अशा दंतवैद्यांसोबत मी बरीच वर्षे काम करत आले आहे. त्या आधारावर लिहिते.

आरंभीच एका समजाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तो आपल्याला संस्थेच्या बैठकीत हमखास ऐकायला मिळेल. तिथे आजवर कोणीच नव्हते, आता निदान कोणीतरी आहे, मग एवढी चिकित्सा कशाला, असा तो समज आहे. मला तो पूर्णपणे चुकीचा वाटतो. नाशिक शहरात गंगापूर रोडवर एखाद्याची दाढ काढताना मूळ तुटून आत राहिले तर तो रुग्ण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दंतवैद्याकडे जातो आणि प्रश्न सुटतो. पेठच्या आतल्या पाड्यावरील माणसाला नाशिकला यायचे तर आधी पेठ गाठायचे, तिथून सुमारे ५५ किलोमीटरचा एसटीचा प्रवास सावळघाट ओलांडून करायचा, दिवसाची मजुरी बुडवायची आणि सोबतच्या माणसाचीही बुडवायची. म्हणून तो येत नाही, दुखणे अंगावर काढतो, आणि पुढे दोन वर्षे त्या दवाखान्याकडे फिरकत नाही. चूक दुरुस्त करायला दुसरा हात जिथे उपलब्ध नाही, तिथे देखरेख शहरापेक्षा अधिक जवळची असावी लागते. आपण जबाबदारी घेत असाल तर ही गोष्ट संस्थेकडून पहिल्याच बैठकीत मान्य करून घ्यावी.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती लवकर आटोपते. परदेशातील पदवी घेऊन आलेल्या भारतीय दंतवैद्यासाठी नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स जी स्क्रीनिंग परीक्षा घेते ती संगणकावरील बहुपर्यायी प्रश्नांची असते. ती ज्ञान तपासते. हात तपासत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. एकदा नोंदणी झाली की कायद्याप्रमाणे तो दंतवैद्य पूर्ण दंतवैद्य असतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात परदेशी पदवीधराला मर्यादित परवाना देऊन तीन वर्षे स्थानिक दंतवैद्याच्या देखरेखीखाली काम करायला लावण्याची सोय आहे, आणि ब्रिटिश सरकारनेही २०२४ मध्ये देखरेखीखालील तात्पुरत्या नोंदणीचा प्रस्ताव चर्चेसाठी मांडला होता. आपल्याकडे नोंदणीनंतर अशी मधली पायरी नाही. त्यामुळे आपला अधिकार कायद्यातून येत नाही, तो केवळ संस्थेच्या नेमणूकपत्रातून येतो. कोणते उपचार कोणत्या टप्प्यावर स्वतंत्रपणे करता येतील, कोणत्या उपचारांआधी आपल्याला फोन करणे बंधनकारक आहे, आणि आपण एखादा उपचार थांबवायला सांगितला तर तो थांबेल, या तिन्ही गोष्टी त्या पत्रात लिहिलेल्या हव्यात, आणि रुजू होण्यापूर्वी दोघांनी त्या वाचून सही केलेली हवी. तोंडी समजुतीवर सुरू झालेली देखरेख पहिल्या मतभेदाला मोडते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पदवी कोणत्या देशाची यावरून आपण काहीही गृहीत धरू नये. माझ्या पाहण्यात परदेशात शिकून आलेले काही जण नोंदी लिहिण्यात, निर्जंतुकीकरणात आणि रबर डॅमच्या (उपचाराचा दात वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्याच्या) वापरात आपल्या अनेक स्थानिक पदवीधरांपेक्षा काटेकोर असतात. उणीव असते ती बहुधा वेगळ्या ठिकाणी. ज्या देशात रुग्णाची भाषा विद्यार्थ्याला पुरेशी येत नाही, तिथे त्याला रुग्णाशी स्वतः बोलून इतिहास घेण्याची संधी कमी मिळते. जिथे दात काढण्याची गरज असलेले रुग्ण कमी येतात, तिथे फोर्सेप्स, म्हणजे दात काढण्याचा चिमटा, हातात येण्याची वेळ कमी येते. ज्यांची क्लिनिकची वर्षे २०२० आणि २०२१ मध्ये आली त्यांचे बरेच प्रत्यक्ष काम हुकले, आणि ते आपल्याकडील विद्यार्थ्यांचेही हुकले. शिवाय पदवी, परीक्षा आणि नोंदणी यांच्यामध्ये कधी कधी एक-दोन वर्षांचा काळ जातो आणि त्या काळात हाताला काम नसते.

म्हणून पहिल्या भेटीत प्रमाणपत्रे बाजूला ठेवून शांतपणे विचारावे. खालची दाढ स्वतः, कोणी हात न लावता, किती वेळा काढली? मूळ तुटल्यावर काय केले? टाका शेवटचा कधी घातला? लहान मुलाला इंजेक्शन कधी दिले? तोंड न उघडणारा रुग्ण कधी पाहिला? उत्तरे कमी असली तरी चेहऱ्यावर नापसंती दिसू देऊ नये, कारण त्या पहिल्या तासात मिळालेले खरे उत्तर पुढे महिनोन्महिने उपयोगी पडते. त्या उत्तरांवरूनच प्रत्येकासाठी उपचारांची स्वतंत्र यादी करावी: कोणते उपचार समोर उभे राहून पाहायचे, कोणते झाल्यावर तपासायचे, आणि कोणते अजून करायचेच नाहीत. दोघांची यादी सारखी असण्याचे काहीच कारण नाही, आणि ती महिन्यांच्या हिशेबाने पुढे सरकवू नये. खालची दाढ सुटी काढता आली म्हणजे आडवी अक्कलदाढ काढण्याची परवानगी मिळाली, असे होत नाही.

तरीही मी आपल्याला सांगेन की देखरेखीचा मोठा भाग हाताच्या कौशल्यावर खर्च करू नये. हात सरावाने बसतो, आणि पेठसारख्या ठिकाणी सराव भरपूर मिळतो. पाहायचा असतो तो निर्णय. हा दात आज काढायचा की नाही, या रुग्णाला इथे हात लावायचा की नाशिकला पाठवायचे, आणि पाठवायचे तर आज की पुढच्या आठवड्यात, हे ठरवताना नवखा दंतवैद्य काय विचार करतो ते ऐकणे म्हणजे खरी देखरेख.

याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण तंबाखूशी जोडलेले आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते. आपल्या भागात ती तंबाखू-चुना आणि मिश्री या रूपांत दिसते, आणि २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही सुपारीमिश्रित पुड्या तरुणांच्या खिशात असतात. ज्याने मनिला किंवा तिबिलिसीच्या क्लिनिकमध्ये शिक्षण घेतले त्याने सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारी-तंबाखूने तोंडाचे आतले अस्तर ताठ होण्याचा आजार, पुस्तकात वाचलेला असतो, बोटांना जाणवलेला नसतो. गालाच्या आतून बोट फिरवल्यावर लागणारे ताठ पट्टे, पांढुरकी पडलेली टाळू, तिखट खाल्ल्यावर होणारी आग, आणि हळूहळू कमी होत जाणारे तोंड उघडणे हे त्याला आपण हात धरून दाखवावे लागते. प्रत्येक प्रौढ रुग्णाचे तोंड किती उघडते ते वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधील अंतर मोजून, मिलिमीटरमध्ये, केस पेपरवर लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याच्या पुढची पायरी अधिक गंभीर आहे. पन्नाशीचा शेतकरी येतो, खालची एक दाढ हलते म्हणतो, काढून द्या म्हणतो. नवखा दंतवैद्य पाहतो की दाढ खरेच हलते, भूल देतो आणि दोन मिनिटांत ती काढतो. रुग्ण खूश, दंतवैद्यही खूश. परंतु बाकीचे सगळे दात घट्ट असताना एकच दात हलत असेल, आजूबाजूची हिरडी खडबडीत किंवा सहज रक्त येणारी असेल, ओठाला बधिरपणा असेल, तर तो हिरड्यांचा साधा विकार समजून चालत नाही. तिथे कर्करोग असू शकतो. दात काढला की जखम भरून येत नाही, रुग्ण ती दात काढल्यामुळे चिघळली असे समजतो आणि उपचारांचे मोलाचे आठवडे त्यात जातात. त्यामुळे माझा आग्रह असतो की एकट्याने हलणारा दात एक्सरे आणि आजूबाजूच्या मऊ भागाची तपासणी केल्याशिवाय काढायचा नाही. दोन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम बायोप्सीसाठी नाशिकला पाठवायची. पाठवताना नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा शहरातील दंत महाविद्यालयात कोणाला भेटायचे, कोणत्या दिवशी, सोबत कोणती कागदपत्रे न्यायची, आणि निदान झाले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार कसे मिळतात, हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्या एका माणसाला सांगायचे. गावातील आशाताईंना कळवायचे. पुढच्या आठवड्यात तो गेला की नाही हे फोन करून विचारायचे. रेफर केलेला रुग्ण पोहोचला तरच रेफर झाला, हे मी पुन्हा पुन्हा सांगते.

सुजेचेही असेच. गालावरची दातदुखीची सूज आणि जबड्याखाली, जिभेखाली दोन्ही बाजूंना पसरत जाणारी सूज यांतील फरक नवख्याने पहिल्या आठवड्यात ओळखायला शिकले पाहिजे. जीभ वर उचललेली, गिळता न येणे, लाळ गळणे, आवाज बदलणे यांपैकी काहीही दिसले तर प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून चार दिवसांनी बोलवायचे नाही. १०८ ला फोन करून रुग्णाला त्याच वेळी हलवायचे, कारण श्वासमार्ग बंद व्हायला रात्र पुरते आणि पावसाळ्यात घाटात वाहने अडकतात.

आता एका अशा बाबीकडे येते जी फार किरकोळ वाटते आणि जिच्याकडे देखरेख करणारे सहसा लक्ष देत नाहीत. परदेशात शिकलेल्या बहुतेकांनी भुलेचे इंजेक्शन काडतुसातून दिलेले असते. एका काडतुसात साधारण १.८ मिलिलिटर औषध असते, त्यामुळे किती दिले ते आपोआप मोजले जाते. आपल्याकडील ग्रामीण दवाखान्यात लिग्नोकेन या भुलेच्या औषधाची ३० मिलिलिटरची बाटली असते, त्यातून डिस्पोजेबल सिरिंजमध्ये औषध भरले जाते, आणि ते मोजण्याची सवय अंगी नसेल तर मात्रा कळत नाही. दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. मुलांसाठी दर किलो वजनाला ४.४ मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा धरली, तर १५ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिलिलिटर देता येते. दोन बाजूंच्या दाढा एकाच दिवशी करायला घेतल्या की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यातच आपल्याकडील पाड्यांवर कुपोषणाचा प्रश्न असल्याने सहा-सात वर्षांचे मूल १५ किलोचेच असू शकते. वयावरून केलेला अंदाज इथे धोकादायक ठरतो. म्हणून खुर्चीजवळ वजनकाटा हवा, प्रत्येक मुलाचे वजन केस पेपरवर हवे, आणि दिलेले मिलिलिटर त्याच्या शेजारी लिहिलेले हवेत. बाटलीत वापरलेली सुई पुन्हा घालायची नाही, औषध वाढवून हवे असेल तर नवी सिरिंज आणि नवी सुई घ्यायची, हा नियम मोडताना दिसला तर त्या दिवशीचे काम थांबवण्याइतका तो महत्त्वाचा आहे. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहण्याची सवयही साध्या सिरिंजवर नव्याने लावावी लागते.

आपत्कालीन ट्रे आपण स्वतः उघडून पाहावा. तीव्र ॲलर्जीच्या झटक्यावर द्यायच्या ॲड्रेनालिनची १:१००० ची अँप्यूल आहे का, मुदत संपलेली नाही ना, प्रौढाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर द्यायचे हे दोघांना आणि नर्सताईंना न अडखळता सांगता येते का, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का आणि त्याची चावी कोणाकडे असते, हे विचारावे. एवढे पुरे.

आदिवासी भागात सिकलसेलचा (रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा) विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे उद्दिष्ट त्यात ठरवले आहे. परदेशात शिकलेल्या दंतवैद्याने असा रुग्ण पाहिलेला असेलच असे नाही. या रुग्णांमध्ये जबड्याचा संसर्ग हाडात उतरण्याचा धोका अधिक असतो, शरीरातील पाणी कमी होणे आणि संसर्ग यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि कधी कधी दात पूर्ण निरोगी असूनही दातात किंवा जबड्यात तीव्र कळा येतात. कीड नाही, भेग नाही, तरी दात दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा दात घाईने उघडण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, त्याचे कार्ड घरी आहे का, हे आई-वडिलांना विचारायला शिकवावे. इतर बाबतींत, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयाची बदललेली झडप किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांविषयी त्यांचे शिक्षण सहसा पुरेसे असते. अडचण एवढीच की रुग्णाला स्वतःचा आजार नावाने माहीत नसतो. गोळ्यांची पाकिटे सोबत आणा, असे आधीच सांगून ठेवलेले बरे.

उपचारांची योजना आखताना इथल्या वर्षाचे वेळापत्रक माहीत असावे लागते, आणि हे कोणत्याही देशातील पदवी शिकवत नाही. पावसाळ्यात भाताची आवणी सुरू झाली की पेठ आणि इगतपुरीकडचा माणूस दवाखान्यात येत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षे निघेपर्यंत कितीतरी कुटुंबे निफाड आणि दिंडोरीच्या बागांमध्ये मजुरीला जातात. अशा रुग्णाला तीन भेटींचा रूट कॅनल सांगून पहिल्या भेटीत दात उघडला आणि तो पुढे चार महिने आलाच नाही, तर त्या दाताचे आपण नुकसानच केलेले असते. म्हणून तो पुढच्या महिन्यात गावात असेल का, हा प्रश्न इतिहासाच्या कागदावर छापून घ्यावा. एका भेटीत पूर्ण होणारे काम आज, आणि अनेक भेटींचे काम त्याच्या सोयीच्या महिन्यात, ही मांडणी नवख्या दंतवैद्याला सुरुवातीला कमी दर्जाची वाटते, कारण त्याला सर्वोत्तम उपचार म्हणजे सर्वांत लांबलचक उपचार असे शिकवलेले असते. त्याला समजावून सांगावे की हाताच्या उपकरणांनी किडलेला भाग काढून ग्लास आयोनोमर हे दातात भरायचे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात वीज नसलेल्या गावांसाठी विकसित झाली आणि आज जगभर मान्य आहे. आणि कीड थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड तसेच ग्लास आयोनोमर यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. आश्रमशाळेत एका सकाळी अनेक मुलांचे दात या मार्गांनी वाचवता येतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे मात्र पालकांना आधी दाखवून, त्यांची संमती घेऊनच लावावे. नंतर सांगितले तर विश्वास जातो.

दात वाचवायचा की काढायचा या निर्णयात दोन्ही बाजूंना घसरण असते आणि देखरेख करणाऱ्याने ती दोन्ही पाहावी. काही जण आत्मविश्वास नसल्याने प्रत्येक दात काढतात, कारण काढणे संपून जाते आणि मागे काही उरत नाही. काही जण दात काढायला घाबरतात म्हणून प्रत्येकाला गोळ्या देऊन परत पाठवतात. प्रतिजैविके किती जणांना लिहिली आणि त्यांपैकी किती जणांवर त्याच दिवशी काही उपचार केला, हे महिन्याच्या नोंदीवरून मोजले की कोणता माणूस कुठे घसरतो आहे ते लगेच दिसते.

आता अंतराचा प्रश्न. शक्य असेल तर पहिले चार ते सहा आठवडे दोघांना पेठला पाठवूच नये. आपल्या क्लिनिकमध्ये किंवा जिथे पुरेसे रुग्ण येतात अशा ठिकाणी आपल्या शेजारी उभे राहून काम करू द्यावे. संस्थेला हे खर्चिक वाटेल, पण देखरेखीचा सर्वांत कसदार काळ हाच असतो. त्यानंतर आपण पेठला जाण्याचा दिवस आठवडे बाजाराचा निवडावा. त्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरची माणसे येतात आणि आपल्याला खऱ्या गर्दीत त्यांचे काम पाहायला मिळते. अवघड केसेस त्याच दिवशी ठेवायच्या, हे रुग्णांनाही सांगता येते.

उरलेल्या दिवसांसाठी फोन आहे, परंतु त्याची शिस्त ठरवावी लागते. अवघड काम सुरू करण्यापूर्वी केलेला फोन आणि अडकल्यावर केलेला फोन यांत फार अंतर आहे. एक्सरेचा फोटो, तोंडाच्या आतला फोटो, आणि मला काय वाटते व मी काय करणार आहे हे दोन वाक्यांत, एवढे उपचाराआधी पाठवायचे. फोटोत रुग्णाचा चेहरा किंवा नाव येऊ द्यायचे नाही आणि त्याची परवानगी घ्यायची. काय करू, असा उघडा प्रश्न आला तर उत्तर देण्याऐवजी तुझा विचार काय आहे, असे विचारावे, आणि तो ऐकून मगच बोलावे. घाटातल्या गावांत नेटवर्क जाते, तेव्हा फोन लागला नाही तर काय करायचे याचाही नियम हवा: दुखणे आणि संसर्ग आवाक्यात ठेवायचा, भूल देऊन दात अर्धवट हलवायचा नाही, आणि शंका असेल तर पाठवायचे. या नियमाने एखादा रुग्ण विनाकारण नाशिकला आला तरी त्याबद्दल दंतवैद्याला कधीही बोलू नये. एकदा बोललात की पुढचा फोन येणार नाही.

प्रत्येक भेटीत काही केस पेपर आपण स्वतः निवडून काढावेत. त्यांनी निवडून दिलेले पाहू नयेत. त्यात चांगले झालेले काम असावे, बिघडलेले असावे, आणि मुख्य म्हणजे न केलेले काम असावे. ज्या रुग्णाला हात लावला नाही, परत पाठवले, थांबायला सांगितले किंवा रेफर केले, त्यांची वेगळी नोंदवही ठेवायला मी नेहमी सांगते. तिच्यात तारीख, कारण, आणि दोन आठवड्यांनी त्या माणसाचे काय झाले एवढेच लिहायचे. निर्णयशक्ती कशी वाढते आहे हे मला या वहीतून जितके कळते तितके इतर कशातूनच कळत नाही. निर्जंतुकीकरणाची नोंदही त्याच दिवशी पाहावी, विशेषतः वीज गेलेल्या दिवसांची: ऑटोक्लेव्हचे, म्हणजे वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे, चक्र मध्येच तुटले तर ती उपकरणे पुन्हा पहिल्यापासून लावली गेली का, हे विचारावे. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, पंक्चर न होणाऱ्या डब्यातच जातात का आणि तो डबा वेळेवर उचलला जातो का, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे संस्थेचेही कर्तव्य आहे.

माणसांविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. या मुलामुलींनी आई-वडिलांचे मोठे पैसे खर्च झालेले पाहिलेले असतात, परीक्षेच्या निकालांची वाट पाहिलेली असते, आणि बाहेरची डिग्री हा टोमणा अनेकदा ऐकलेला असतो. त्यामुळे शंका लपवण्याची सवय त्यांना सहज लागते, आणि एकट्या दंतवैद्याच्या दवाखान्यात लपवलेली शंका रुग्णाला भोवते. रुग्णासमोर, नर्ससमोर किंवा शिपायासमोर त्यांना कधीही दुरुस्त करू नये. थांबायला सांगायचे असेल तर आधी ठरलेला एखादा साधा शब्द वापरावा, उदाहरणार्थ एक्सरे पुन्हा पाहू या, आणि बाजूला जाऊन बोलावे. रुग्णांना त्यांची ओळख करून देताना डॉक्टर म्हणूनच करून द्यावी. दोघेही मराठी बोलणारे असले तरी पेठ-सुरगाण्यातील कोकणा किंवा वारली आजीचे बोलणे त्यांना पटकन कळेलच असे नाही. दुखते कसे, केव्हापासून, सूज कुठे, एवढे विचारण्यापुरते तिथले बोलणे नर्सताईंकडून शिकून घेण्यास सांगावे. भगताकडे जाऊन आलेल्या रुग्णावर रागावू नये, काय लावले ते शांतपणे विचारावे, कारण त्या उत्तरावर उपचार अवलंबून असू शकतो. राहण्याची जागा सुरक्षित आहे का, पाणी आहे का, महिन्यातून दोन-तीन दिवस घरी जाता येते का, हे प्रश्न देखरेख करणाऱ्याचे नाहीत असे आपल्याला वाटेल. तरी ते विचारावेत. थकलेला आणि एकटा पडलेला दंतवैद्य शनिवारी संध्याकाळी चुकीचा निर्णय घेतो.

किती काळ, हा आपला पहिला प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. नेमणूकपत्रात किमान एक वर्ष लिहावे, कारण आवणी, छाटणी, उन्हाळ्यातील लग्नसराई आणि पावसातील घाट हे सगळे ऋतू एकदा पाहिल्याशिवाय इथल्या प्रॅक्टिसचा अंदाज येत नाही. त्यानंतर देखरेख एकदम संपवू नये. उपचारांच्या यादीतील एकेक बाब मोकळी करत जावी आणि शेवटी महिन्यातून एकदा केस पेपर वाचण्यापुरती ती ठेवावी. मोकळे करण्याचा माझा निकष असा आहे की उपचाराआधी आलेल्या फोनमध्ये त्याने सांगितलेली योजना आणि मी दिली असती ती योजना सलग काही महिने बहुतेक सारखी येत असावी, आणि जिथे ती वेगळी आली तिथे त्याचे कारण मला पटत असावे.

याउलट, सहा महिने झाले तरी मात्रा लिहिलेल्या नाहीत, न केलेल्या कामाची वही कोरी आहे, किंवा सांगूनही एखादा उपचार परवानगीशिवाय पुन्हा केला गेला, तर संस्थेला लेखी कळवावे आणि त्या उपचारांपुरते काम बंद ठेवावे. जागा रिकामी पडेल या भीतीने संस्था आपल्याला थांबवू पाहील. अशा वेळी बाजाराच्या दिवशी शहरातून दुसरा दंतवैद्य पाठवण्याची सोय आपण आधीच करून ठेवलेली असेल तर आपल्याला ठाम राहता येते; म्हणून ती सोय हे दोघे रुजू होण्यापूर्वीच, दोन-तीन सहकाऱ्यांशी बोलून, त्यांच्या तारखांसह लिहून ठेवावी.